काचेवरची फिल्म नंतर बघू, आधी पॉलिसीवरची तारीख बघा

प्रश्न: तळेगाव-चाकण रस्त्याने रोज कंपनीत जातो. डंपरमधून उडालेल्या खडीने समोरच्या काचेचा हरभऱ्याएवढा टवका उडाला. नवी काच बसवायला 12 हजार सांगतात. एक ॲक्सेसरीजवाला 14 हजारांत काचेवर प्रोटेक्शन फिल्म लावून देतो म्हणतो, दोन वर्षांची वॉरंटी. लावावी का? इन्शुरन्सची काळजी नाही, गाडी घेतानाच शोरूमने तीन वर्षांचा काढून दिलाय. पॉलिसी जोडली आहे. कर्ज अजून साडेसहा लाख बाकी आहे.

उत्तर: लावू नका. 12 हजारांची काच वाचवायला 14 हजार कशाला? फिल्म दोन वर्षं टिकली तरी वर्षाला सात हजार पडले. म्हणजे दर पावणेदोन वर्षांनी तुमची काच फुटणारच असेल, तरच हिशोब बरोबरीला येतो. त्यातही वायपर रोज त्याच फिल्मवर घासणार. शिवाय वॉरंटी कशाची ते विचारा. बहुतेक वेळा ती फिल्म सुटण्याची, पिवळी पडण्याची असते. काच फुटली तर दुकानदार काच देत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमची पॉलिसी तीन वर्षांची नाही. म्हणजे तिचा एकच भाग तीन वर्षांचा आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि शोरूमने तोच दिलाय. त्याच कागदावर खाली 'ओन डॅमेज'ची, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची, मुदत वेगळ्या ओळीत छापली आहे: एक वर्ष. ती संपून अकरा महिने झाले. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा आहे. तुमची गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली, चक्काचूर झाली तर एक रुपया मिळणार नाही आणि साडेसहा लाखांचे हप्ते मात्र चालू राहतील. अकरा महिने तुम्ही हा धोका घेऊन त्या रस्त्यावर गाडी चालवताय. चावी हातात देताना 'तीन वर्षं बघायला नको' असं सांगून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. कर्जाच्या करारातही पूर्ण विमा चालू ठेवायची अट असते, तीही मोडली आहे.

तुमच्या गाडीची किंमत आठेक लाख धरली तर ओन डॅमेजचा वर्षाचा हप्ता साधारण 15 हजार येईल. फिल्मचेच पैसे झाले की! नव्वद दिवस उलटून गेल्याने पहिल्या वर्षाचा 20 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बुडाला, म्हणजे तीनेक हजार. ते विसरा. थर्ड पार्टी चालू असल्याने नुसता ओन डॅमेज वेगळा घेता येतो.

खंड पडल्यामुळे कंपनी आधी गाडीची पाहणी करून फोटो काढेल. टवका दिसला की 'आधीचं नुकसान' म्हणून नोंद होईल आणि त्या काचेचा क्लेम अडकेल. म्हणून आधी टवका बुजवा. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली असते. वरच्या थरातला छोटा टवका रेझिन भरून हजार-दीड हजारात बुजतो, मात्र तो कडेला किंवा चालकाच्या थेट नजरेसमोर नसावा. कारागिराकडे जाईपर्यंत त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी जाऊ देऊ नका. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा जोरदार झोत सोडू नका, टवक्याचा तडा होतो. पण हे दोन दिवसांत उरका, त्यापायी विमा लांबवू नका.

एजंट 'काचेसाठी झिरो डेप घ्याच' म्हणेल, म्हणजे घसारा (जुन्या भागाची घटलेली किंमत) न कापणारं जादा कव्हर. नेहमीच्या पॉलिसीत काचेवर घसारा कापतच नाहीत. तो कापतात बंपरसारख्या प्लास्टिकवर, 50 टक्के. गाडी दोन वर्षांची आहे, तेव्हा परवडलं तर झिरो डेप जरूर घ्या, पण बंपरसाठी.

पुढे खरंच काच फुटली तर 12 हजारांतून तुमचा सक्तीचा हजार-दोन हजारांचा वाटा वजा जाऊन बाकीचे मिळतील. क्लेम केल्याने पुढच्या वर्षीचा तीनेक हजारांचा बोनस जाईल, तरी क्लेम कराच. दीड हजाराच्या रेझिनसाठी मात्र करू नका.

फिल्मवाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर आजच परत मागा. आणि नवी पॉलिसी आली की 'ओन डॅमेज'समोरची तारीख बघून फोनमध्ये महिनाभर आधीचा रिमाइंडर लावा.