सिरोंचाला नेमणूक झाली आहे. कसं गाव आहे? इतक्या टोकाला तालुका का? नक्षलवाद्यांची भीती आहे का?

तुम्ही लिहिलंय की आदेश हातात पडल्यापासून घरचे गप्प आहेत आणि ऑफिसातले "अरे बापरे" म्हणतात. मलाही हेच झालं होतं. 2009 ते 2012 मी तिथल्या एका बँकेत होतो. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात सिरोंचा म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. माझ्या मोठ्या भावाने तर नकाशा उघडून बोट ठेवलं आणि म्हणाला, "याच्यापुढे महाराष्ट्रच नाही ना!"

खरंच नाही. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेच्या कोपऱ्यात इंद्रावती. पहिल्या दोघींच्या पलीकडे तेलंगणा (मी होतो तेव्हा आंध्र प्रदेश), तिसरीच्या पलीकडे छत्तीसगड. जमिनीने महाराष्ट्राशी नातं फक्त उत्तरेकडून, आणि तिकडे आलापल्लीपर्यंत शंभरेक किलोमीटर जंगल. गडचिरोली, म्हणजे तुमचं जिल्ह्याचं ठिकाण, दोनशे किलोमीटरांच्याही पुढे. मीटिंगला जायचं म्हणजे आदल्या दिवशी निघायचं.

पण हे टोक कुणाच्या हिशेबाने, हा माझा मुद्दा आहे. रस्त्याच्या हिशेबाने टोक. नदीच्या हिशेबाने पाहा. वर्धा आणि वैनगंगा आष्टीजवळ चपराळ्याला मिळतात, तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता, आणि ती 113 किलोमीटर वाहत येऊन सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पैनगंगा, पेंच, कन्हान, नागपूरच्या सांडपाण्याची बिचारी नाग नदी, सगळ्यांचं पाणी शेवटी इथूनच जातं. मी पवनीचा, वैनगंगेच्या काठचा. आमच्या घाटावरून गेलेलं पाणी काही दिवसांनी माझ्या बँकेच्या गावाला येतं हे कळल्यावर मला ते गाव जरा जवळचं वाटायला लागलं. हसाल, पण परक्या गावात असला आधारही पुरतो.

इंग्रजांनी सिरोंचा असंच नदीच्या बाजूने पाहिलं. आधी हा मुलूख निजामाचा. 1860 च्या तहात त्याने गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले आणि त्यातून अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला. त्याचं मुख्यालय सिरोंचा! भद्राचलमसुद्धा त्याच जिल्ह्यात. म्हणजे आज ज्या गावाचा कागद गडचिरोलीला पोचायला आठवडा लागतो, तिथे एकेकाळी डेप्युटी कमिशनर (जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी) बसत होता.

कारण कापूस. विदर्भाचा कापूस नावांमध्ये भरून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी मोठी योजना होती. राजमहेंद्रीजवळ गोदावरीवर धरण बांधणारे आर्थर कॉटन तिचे पुरस्कर्ते. अडचण अशी की नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते: खाली दुम्मागुडेमला, मग इंचमपल्लीला, आणि तिसरा वर प्राणहितेत, अहेरीजवळच्या देवलमरीला. त्यांना वळसा घालून कालवे आणि बंधारे बांधायला घेतले. काम चालू असतानाच 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाने पश्चिमेचा रस्ता धरला. 1871 मध्ये नदीची योजना सोडून दिली. तीन वर्षांनी, 1874 ला, जिल्हाच मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांदा (आताचं चंद्रपूर) जिल्ह्यात एक तहसील होऊन राहिलं. म्हणजे गाव जिथे होतं तिथेच राहिलं, टोक त्याच्याकडे चालत आलं.

पुढचं भराभर सांगतो. मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र, आणि 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात. आता नगरपंचायत आहे. इतक्या पाट्या बदलल्या, पण बोली बदलली नाही. बाजारात तेलुगूच. जंगलातल्या गावांतून येणारी माणसं गोंडी, माडिया बोलतात. मराठी शाळेत आणि कचेरीत. माझ्या काउंटरवर पहिल्याच दिवशी एक म्हातारी "डब्बुलु, डब्बुलु" म्हणत उभी राहिली. मला वाटलं डबा विसरली की काय. शिपायाने सांगितलं, "सार, पैसे मागते." तेव्हा "एंता" (किती) आणि "रेपु रंडी" (उद्या या) एवढं तरी जाण्याआधी पाठ करा. दुसरं जास्त लागेल, कारण बँकेच्या संगणकाची लिंक जायची.

समोर, गोदावरीच्या पलीकडच्या काठावर, कालेश्वरमचं देऊळ. एकाच पिंडीवर दोन लिंगं, एक यमाचं आणि एक शिवाचं. तेलुगू लोक आपल्या मुलुखाच्या सीमा तीन लिंगांनी सांगतात: श्रीशैलम, द्राक्षारामम आणि हे कालेश्वरम. आपण ज्याला महाराष्ट्राचं टोक म्हणतो ते त्यांच्याही मुलुखाचं टोकच, फक्त त्यांनी तिथे देव बसवलाय. मी होतो तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळू तुडवत जायचं, बाकी दिवस नाव. डिसेंबर 2010 मध्ये प्राणहितेचं पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, आलं. दर बारा वर्षांनी येतं. बारा दिवस गावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतरचं एप्रिल 2022 मध्ये झालं.

आता एक गोष्ट जी सिरोंच्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. प्राणहितेकाठचं कोटा हे गाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, तिथल्या खडकांच्या थराला "कोटा फॉर्मेशन" म्हणतात. आणि तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ डायनोसॉरची हाडं सापडली, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. मांडीचं एक हाडच माणसाच्या उंचीचं. खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1961 मध्ये झालं, शास्त्रज्ञ बंगालमधल्या संस्थेचे, म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. "बारा पा" म्हणजे बंगालीत मोठा पाय. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. हाडं आमची, नाव त्यांचं, असं एक शिक्षक मित्र चिडून म्हणायचा. वडधमला जीवाश्म पार्क आहे, तिथे दगड झालेली झाडाची खोडं बघायला मिळतात. एक रविवार काढून नक्की जा.

शेती म्हणाल तर धान, कापूस आणि मिरची. मिरचीच्या हंगामात गावाच्या कडेला लाल सडे पडतात आणि मोटारसायकलवरून जातानाही ठसका लागतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. ऊन मात्र सांगून समजणार नाही, कूलर पहिल्या पगारात घ्या.

नक्षलवाद्यांचं विचारलंत. 1980 च्या सुमारास ते पहिल्यांदा प्राणहिता ओलांडून याच भागात आले, हे खरं. माझ्या वेळी जंगलातल्या रस्त्याने संध्याकाळनंतर कुणी जात नसे. गावात मात्र मला तीन वर्षांत कधी भीती वाटली नाही. भीती वाटली ती पुराची.

नदीवरचे प्रयोग काही थांबत नाहीत. 2019 मध्ये तेलंगणाने समोरच मेडीगड्डाचा 85 दरवाजांचा बंधारा सुरू केला. जुलै 2022 च्या पुरात सिरोंचा तालुक्यातली शेतं बुडाली. शेतकरी बंधाऱ्याच्या फुगवट्याला दोष देत मोबदला मागत राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच बंधाऱ्याचे काही खांब खचले. दीडशे वर्षांपूर्वी कॉटनसाहेबांची योजनाही याच नदीवर अर्धवट राहिली होती.

रुजू व्हायला जाताना नागपूर, गडचिरोली, आलापल्ली या रस्त्याने सामान घेऊन जाऊ नका, कंबर आणि भांडी दोन्ही मोडतील. नागपूरहून रेल्वेने तेलंगणातल्या मंचेरियलला उतरा, तिथून चेन्नूरमार्गे जा. आता दोन्ही नद्यांवर पूल झालेत. प्राणहितेच्या पुलावर गाडी थांबवता आली तर डावीकडे, उत्तरेला बघा. विदर्भ तिकडूनच वाहत येतो.