रिमोटच्या ट्रकचे रस्त्यावरचे टायर : वाचकांच्या शंका

प्रश्न : माझ्याकडे १/१० मापाचा, चारही चाकांना गती मिळणारा इलेक्ट्रिक ट्रक आहे. रविवारी मोंढा बंद असतो, तेव्हा तेथील सिमेंटच्या मोकळ्या जागेत मी तो चालवतो. मूळचे खाचदार टायर लवकर झिजले, म्हणून रस्त्यासाठीचे, जवळजवळ सपाट पृष्ठभागाचे टायर बसवले. आता थोडा वेग घेतला की ट्रकचा पुढचा भाग थरथरतो आणि वळणावर ट्रक चक्क उलटतो. टायरच निकृष्ट निघाले असावेत काय? — एक वाचक, लातूर

उत्तर : तसे असेलच असे नाही. ट्रक दोन विटांवर उचलून ठेवावा, टायरच्या पृष्ठभागाजवळ एक पेन्सिल स्थिर धरावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. पेन्सिल आणि रबर यांतील फट कमी-जास्त होत असेल, तर चाक गोल फिरतच नाही, आणि अशा चाकाला कितीही वजन चिकटवले तरी थरथर जाणार नाही. मग पेन्सिल रिमच्या काठाशी धरून पाहावी. रिमही डुलत असेल तर एक्सल वाकलेला आहे किंवा षटकोनी हब (एक्सलवरचा, चाक ज्यावर बसते तो तुकडा) त्याच्या पिनेवर नीट बसलेला नाही. रिम सरळ फिरते आणि केवळ टायर डुलतो, असे असेल तर टायरची कड रिमच्या खाचेत पूर्ण बसण्यापूर्वीच ती चिकटवली गेली आहे. असे चाक काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवल्यास फेविक्विकसारख्या गोंदाची पकड सैल होते. टायर काढून, आतला फोम पूर्ण वाळवून, तो पुन्हा बसवता येतो. माझ्या पहिल्या संचात मी घाईने हीच चूक केली आणि नंतर अख्खी दुपार चुकीच्या चाकांना शिशाचे तुकडे चिकटवण्यात घालवली.

चाक गोल फिरत असेल आणि तरीही थरथर असेल, तरच वजनाच्या तोलाकडे वळावे. हा तोल किती महत्त्वाचा आहे ते आकड्यांवरून पाहू. ११० मि.मी. व्यासाचे चाक ताशी ६० कि.मी. वेगाला मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते. त्या गतीला आसापासून ४ सें.मी. अंतरावरचा केवळ १ ग्रॅमचा जादा भार चाकाला सुमारे ३७५ ग्रॅम वजनाइतका बाहेर ओढतो, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहते. वेग निम्मा केला की ओढ एक-चतुर्थांश होते. म्हणूनच मातीत हळू चालणाऱ्या ट्रकमध्ये जो दोष कधी जाणवत नाही, तो सिमेंटवर एकदम उघडा पडतो आणि बेअरिंगे व स्टिअरिंगचे सांधे लवकर ढिले करतो.

तोलण्याचा तयार स्टँड मिळतो, परंतु घरीही काम भागते. एक जुना सुटा एक्सल आणि दोन बेअरिंगे घ्यावीत. बेअरिंगांतील ग्रीस उघड्या हवेत, आगीपासून दूर, पेट्रोलने धुऊन ती कोरडी ठेवावीत, कारण ग्रीसमुळे चाक अडखळते आणि हलका असमतोल लपून राहतो. एक्सल आडवा धरून त्यावर हब आणि नटासह पूर्ण चाक बसवावे. चाक सोडल्यावर जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथे खडूने खूण करून, बरोबर समोरच्या म्हणजे वरच्या बाजूला, रिमच्या आतल्या अंगास थोडी एपॉक्सी पुट्टी तात्पुरती लावावी. खूण आडव्या रेषेत आणून चाक सोडावे. खूण खाली वळली तर वजन वाढवावे, वर गेली तर कमी करावे. कोणत्याही स्थितीत सोडले तरी चाक जिथल्या तिथे राहिले की तोल साधला. पुट्टी तशीच घट्ट होऊ द्यावी, किंवा तिच्या वजनाइतकी सोल्डरची तार अथवा टायरवाल्याकडची चिकट शिशाची पट्टी कापून लावावी. ट्रकचे चाक रुंद असल्याने सगळे वजन एकाच कडेला लावू नये. ते रुंदीच्या मध्याजवळ असावे, अन्यथा उभा तोल साधूनही चाक वेगात आडवे डुलते. रिम आधी स्पिरिटने पुसावी आणि वजनावरून मजबूत टेप फिरवावा.

आता उलटण्याविषयी. हा टायरचा दोष नसून त्याच्या पकडीचा परिणाम आहे. मातीत चाक घसरते म्हणून उंच ट्रक वाचतो. सिमेंटवर मऊ रबर घसरत नाही, आणि वळणावरचा सगळा जोर ट्रकला कलंडवण्याकडे लागतो. शॉकवरील (धक्के शोषणाऱ्या नळीवरील) स्प्रिंग दाबून धरणाऱ्या चकत्या काढून ट्रक खाली आणावा, स्प्रिंगा थोड्या कडक घ्याव्यात, आणि तरीही उलटत असेल तर पुढे मागच्यापेक्षा कडक रबराचे टायर लावावेत. चारही चाकांना गती असल्याने पुढच्या-मागच्या टायरांचा व्यास मात्र सारखाच हवा, नाहीतर गिअर आणि शाफ्टवर सतत ताण येतो.

प्रश्न : आमच्याकडे खडी उघडी पडलेला डांबरी रस्ता आहे आणि उन्हाळ्यात तो फार तापतो. टायर घेताना काय पाहावे? — एक वाचक, परभणी

उत्तर : प्रथम बसते की नाही ते पाहावे. १/१० मापाच्या बहुतेक गाड्यांना १२ मि.मी.चा आणि १/८ मापाच्या गाड्यांना बहुधा १७ मि.मी.चा षटकोनी हब असतो. त्यानंतर रबर. अतिमऊ रबर उघड्या खडीवर खवणीवर नारळ खवावा तसे झिजते, आणि पारा चाळिशी ओलांडलेल्या दुपारी तर फारच. आपल्याकडे मध्यम किंवा कडक रबर, उथळ नक्षीचा टायर, हाच शहाणा व्यवहार; पूर्ण गुळगुळीत टायर धुळीवर निसटतो.

वेगाची आवड असेल तर आत पट्टा असलेला टायर घ्यावा. साधा टायर वेगात फुगून मध्यभागी उंच होतो, कडा रस्ता सोडतात आणि पकड नेमकी हवी तेव्हा जाते. पट्टा ही फुगवट रोखतो. त्याचे वजन व किंमत थोडी जास्त असते. व्यास बदलताना गिअरही बदलावा लागतो, हे अनेक जण विसरतात. ११० ऐवजी १२० मि.मी.चा टायर लावला तर प्रत्येक फेऱ्यात ९ टक्के अंतर अधिक कापले जाते, आणि तेवढाच भार मोटरवर वाढतो. २० दातांच्या पिनियनऐवजी (मोटरवरच्या लहान दातेरी चाकाऐवजी) १८ दातांचे घेतल्यास हिशेब जवळजवळ जुळतो. मोटर ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल तर पिनियन आणखी लहान करावे.

रिमवरची हवेची छिद्रे पूर्ण बुजवू नयेत, कारण मग टायर चेंडूसारखा उसळतो. मात्र त्यांतून काळी माती आत शिरून फोमवर बसते आणि नीट तोललेले चाक महिन्याभरात पुन्हा बिघडते. पावसात भिजलेल्या फोमचेही तेच होते.

प्रश्न : ट्रक हातात उचलून पूर्ण वेगाने चाके फिरवून तोल तपासला तर चालेल काय? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : चालणार नाही. जमिनीचा भार नसल्याने चाक रस्त्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरते, टायर फुगून रिमपासून सुटू शकतो आणि चिकटवलेले वजन गोळीसारखे उडते. तपासायचेच असेल तर ट्रक विटांवर पक्का टेकवावा, वेग एक-चतुर्थांशाच्या आतच ठेवावा आणि चाकांच्या रेषेत समोर किंवा मागे कोणी उभे राहू नये.