हिऱ्याला रसायन लागत नाही?

आपण सुरतेतील एका कारखान्यात घंटीवर, म्हणजे घासकामाच्या फिरत्या चाकावर, हिरे घासता, मुलीला बारावी विज्ञानला ७४ टक्के मिळाले आहेत आणि हिऱ्याच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करून घर्षण व झीज कमी करतात हे वाचल्यापासून तिने रसायनशास्त्राचा ध्यास घेतला आहे, असे आपण कळवले आहे. आपला बेत मात्र कर्ज काढून, व्यवस्थापन कोट्यातून तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालण्याचा आहे. दोन पानी पत्रात तिचे म्हणणे आपण एका ओळीत उरकले आहे, आणि टक्क्यांपेक्षा मला त्याचीच अधिक काळजी वाटते. हिऱ्याच्या धंद्यातील मंदी आपण सोसली असल्याने मुलीने त्या वाटेला जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिला नको असलेल्या शाखेसाठी घर कर्जात घालणे मला सरळ चुकीचे वाटते.

हिरा आम्लात उकळला तरी जसाच्या तसा निघतो, मग त्यात रसायन कसले, असे आपण विचारता. काट्यावर तो तसाच भरतो, हे खरे. मात्र सर्वांत वरच्या कार्बन अणूंचे मोकळे बंध कोणी व्यापले आहेत, यावर त्या पृष्ठभागाचे वागणे ठरते. तीव्र आम्लातून निघालेल्या हिऱ्यावर ऑक्सिजन बसलेला असतो आणि पाणी पसरते. हायड्रोजन प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित हायड्रोजन वायूची, प्रक्रिया केलेल्या हिऱ्यावर त्याच पाण्याचे थेंब उभे राहतात. निर्वातात घासताना हे आवरण निघून गेले, की समोरासमोरचे कार्बन अणू एकमेकांना धरू लागतात आणि घर्षण अनेक पटींनी वाढते. पंपांच्या सीलवर हिऱ्याचा थर देणाऱ्यांना हे सांभाळावेच लागते. पोलाद कापताना तर तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळून हत्याराची धार जाते. एकाच खड्याची एक दिशा घंटीवर सहज घासली जाते आणि दुसरी दाद देत नाही, हे तिला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा आपण चांगले दाखवू शकाल.

बीएस्सी करून जॅम या एमएस्सीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेमार्गे एमएस्सी, किंवा बारावीनंतर आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, या वाटा परिचयाच्या आहेत.

एक अडचण मात्र तिलाही स्पष्ट सांगितली पाहिजे. या विषयाची खरी गाठ एमएस्सीनंतर पडते, पीएचडी होईपर्यंत नऊ-दहा वर्षे सहज जातात आणि तोवर हाती येते ती फार तर शिष्यवृत्ती. एवढा काळ घर तिच्या कमाईवाचून चालेल का, याचा हिशेब आपण तिला समोर बसवून मांडा, आणि पुढचे पत्र तिला स्वतः लिहू द्या.