94 टक्के अ‍ॅक्युरसी आलीये, मग अ‍ॅडव्हान्स्ड जीआयएससाठी अजून दोन वर्षं कशाला?

तुझं पत्र दोनदा वाचलं. भूगोलात बीएस्सीचं शेवटचं वर्ष, जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळायचं, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर चांगलं येतं, प्रोजेक्टला सेंटिनेल-2 उपग्रहाच्या इमेजवरून लँड यूज मॅप, म्हणजे कुठे शेत, कुठे पाणी, कुठे वस्ती याचा नकाशा केलास आणि अ‍ॅक्युरसी 94 टक्के आली, म्हणजे शंभरातली 94 ठिकाणं बरोबर ओळखली. आता एमएस्सीला अ‍ॅडव्हान्स्ड जीआयएस घ्यायचं की तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून सरळ नोकरीला लागायचं, कारण "सॉफ्टवेअर तर येतंच ना ताई". आणि शेवटी हळूच एक ओळ, कोडिंगची भीती वाटते. आईनेही खाली दोन ओळी लिहिल्यात, त्यांच्याकडे नंतर येते.

आधी ते 94 बघू. तू लिहिलंयस की स्क्रीनवर बघून शेताचे, पाण्याचे, वस्तीचे पॉलिगॉन, म्हणजे हद्दी आखून तुकडे काढले आणि त्यातले पिक्सेल टूलने रँडम 70-30 वाटले, 70 टक्के सॉफ्टवेअरला शिकवायला, 30 तपासायला. आता त्यातलं एक शेत झूम करून बघ. तुझ्या इमेजमध्ये एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा चौकोन, म्हणजे एकाच शेतात दीडदोनशे पिक्सेल सहज बसतात आणि त्यातले काही शिकवायला गेले, त्यांचेच शेजारी परीक्षेला बसले. तेच पीक, तीच माती, तोच दिवस. आदल्या दिवशी सोडवून घेतलेली गणितंच पेपरात आली तर 94 पडणारच की! जवळच्या गोष्टी लांबच्यापेक्षा एकमेकींशी जास्त जुळतात, हे टोब्लरने 1970 मध्ये मांडलं, त्याला भूगोलाचा पहिला नियम म्हणतात, बीएस्सीत तुम्ही तो दोन मार्कांसाठी पाठ केला असणार. पण तोच नियम आपल्या अ‍ॅक्युरसीचा आकडा फुगवतो हे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये कळतं, किंवा कळायला हवं. यात तुझी चूक म्हणत नाहीये मी, टूलने जे दिलं ते तू घेतलंस, भलेभले घेतात.

माझंही सांगते. नवीन असताना एका कामात नदीभोवती 500 मीटरचा बफर, म्हणजे दोन्ही बाजूंचा पट्टा काढायचा होता, नदीचा लेयर होता डब्ल्यूजीएस 84 या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत, म्हणजे एकक मीटर नाही, डिग्री, मी आपलं 500 टाकून रन केलं आणि नकाशावर नदी, गाव, देश काहीच दिसेना, सगळा एकच रंग, कारण 500 डिग्रीत अख्खी पृथ्वी बुडाली. हसू आलं, चूक लगेच सापडली. त्याच महिन्यात दुसरी केली ती मात्र दिसली नाही. वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्येच, म्हणजे वेबसाइटवरच्या नकाशांसाठी गोल पृथ्वी सपाट करायच्या पद्धतीतच क्षेत्रफळ मोजलं. त्यात 60 अंश अक्षांशावर जमीन चौपट दिसते, ते कुणाच्याही डोळ्यात खुपेल, पण 20 अंशावर फक्त 13 टक्के जास्त येते आणि 13 टक्के कुणाच्या लक्षात येणार? रिपोर्ट देखणा झाला होता, एका सीनिअरने सहज पडताळून बघितला म्हणून वाचले. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया आणि नुसतं एरिया ही दोन वेगळी गणितं आहेत माहितीये का? पहिलं प्रोजेक्टमध्ये इलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा आकार सेट असेल तर पृथ्वीचा गोलावा धरतं, दुसरं सपाट कागद समजून मोजतं. दोन्ही आकडे तितक्याच आत्मविश्वासाने समोर येतात.

लँडसॅट उपग्रहांचा डेटा 2008 पासून फुकट आहे, सेंटिनेलचाही फुकट, सॉफ्टवेअर फुकट, बटणं व्हिडिओ बघून कुणीही शिकतं. म्हणजे मॅप काढता येणं याला आता फारशी किंमत नाही, समोरचा मॅप कुठे खोटं बोलतोय हे ओळखता येणं याला आहे. माझं मत विचारशील तर एमएस्सी कर, पण अभ्यासक्रम बघून. स्पेशियल स्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे जागेशी जोडलेल्या आकड्यांच्या संख्याशास्त्राचा पूर्ण पेपर आहे का, पोस्टजीआयएससारख्या, नकाशाची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसवर हाताने क्वेरी लिहायला लावतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रॅक्टिकलला स्वच्छ केलेला डेटा ताटात वाढून देतात की घाणेरडा देतात. अक्षांश-रेखांश उलटे पडलेले, प्रोजेक्शनची फाइल हरवलेली, शेपफाइल या नकाशाच्या फाइल-प्रकाराने फील्डची, म्हणजे तक्त्यातल्या रकान्यांची नावं दहा अक्षरांवर कापलेली, असला डेटा देणारे सर भेटले तर नशीब समज. आधीच्या बॅचच्या मुलांना हे सरळ विचार. आर्कजीआयएस शिकवतात की क्यूजीआयएस यावर मात्र वेळ घालवू नकोस, एक नीट आलं की दुसरं पंधरा दिवसांत येतं.

कोडिंगचं म्हणशील तर तू बारा महिन्यांच्या इमेज एकेक करून क्लिप केल्यास, म्हणजे हव्या तेवढ्या भागापुरत्या कापल्यास असं लिहिलंयस, दोन रात्री गेल्या म्हणे. हेच "बाराही फायलींना असं कर" हे पायथनमध्ये सहासात ओळींत सांगायचं, सुरुवातीला एवढंच कोडिंग. क्यूजीआयएसच्या पोटात जीडाल नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा आहे, तू क्लिपचं बटण दाबतेस तेव्हा कामाला तीच लागते, आणि त्या खिडकीत खाली कमांड लिहून येते ती कधी वाचली आहेस? वाच. भीती निम्मी तिथेच जाईल.

आता आई. त्या विचारतायत की जाहिरातींमध्ये जीआयएस शब्द फार दिसत नाही, मग नोकरी कसली. बरोबर आहे त्यांचं. पदाचं नाव बऱ्याचदा डेटा अ‍ॅनालिस्ट किंवा प्लॅनर असं काहीतरी असतं आणि काम पाणीपुरवठा, वीज, विमा, शेती, आपत्ती व्यवस्थापन असं कुठलंही, त्यामुळे शोधताना "स्पेशियल डेटा", "रिमोट सेन्सिंग" असे शब्दही टाकून बघा. सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही असं नाही, पण ती बहुतेक डिजिटायझिंगची, दिवसभर इमेजवरून रस्ते-घरं गिरवायची, आणि ते काम आता मशीन भराभर शिकतंय. घरी पैशांची ओढ असेल तर वर्षभर तेही करायला हरकत नाही, काम करून परत आलेली मुलं वर्गात चांगले प्रश्न विचारतात असा माझा अनुभव आहे. तिथेच चार वर्षं गेली तर मात्र अवघड होतं. आणि तुला खरी मजा रंग, लेबल, मांडणी यातच येत असेल तर मन मारून स्टॅटिस्टिक्सकडे जाऊ नकोस, कार्टोग्राफी आणि वेब मॅपिंगचे कोर्स वेगळे असतात ते बघ.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. तोच प्रोजेक्ट उघड, पिक्सेल वाटू नकोस, अख्खे पॉलिगॉन वाट, शिकवायला एका भागातले आणि तपासायला लांबच्या भागातले, मग परत रन कर. आकडा कितीही खाली आला तरी कन्फ्यूजन मॅट्रिक्ससकट, म्हणजे शेत, पाणी, वस्ती यातला कुठला क्लास कुठला समजला गेला त्या तक्त्यासकट पाठव, आणि सगळ्यात जास्त गोंधळ कुठल्या दोन क्लासमध्ये झाला आणि तुझ्या मते का, ते चार ओळींत लिही. ते लिहिताना मजा आली की कंटाळा, तेही कळव.