वेगळ्या गॅरेजला लाइट नेताना तिसरी वायर सोडू नका

प्रश्न: घरापासून साधारण ३० मीटरवर वेगळं गॅरेज बांधलंय. गाडी तिथेच लावतो, शिवाय ग्राइंडर, ड्रिल आणि एक छोटा कॉम्प्रेसर चालवायचाय. वायरमन म्हणतो घरातून फेज आणि न्यूट्रल दोनच वायरी नेऊ, अर्थिंगला गॅरेजपाशी रॉड ठोकला की झालं. चालेल का? आणि केबल किती जाडीची घ्यायची?

उत्तर: नाही, नुसत्या रॉडवर आणि एमसीबीच्या (करंट फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर हे काम अजिबात करू नका. रॉड ठोकला म्हणजे अर्थिंग झालं असं बरेच जण धरून चालतात आणि धोका नेमका तिथेच आहे. समजा ग्राइंडरची आतली वायर सोलली जाऊन बॉडीला टेकली. रॉडचा जमिनीशी रेझिस्टन्स २५ ओम धरा, सप्लाय २३० व्होल्टचा, म्हणजे रॉडमधून जाणार जेमतेम ९ अँपिअर. तुमची एमसीबी १६ची असेल तर तिला हा साधा लोडच वाटणार, ती पडणारच नाही, आणि ग्राइंडरची बॉडी तशीच जिवंत राहणार. त्यात गॅरेजची फरशी बऱ्याचदा ओलसर, पायात कधी चप्पल असते कधी नसते.

घराच्या डीबीतून (सगळ्या एमसीबी असतात त्या बॉक्समधून) अर्थची वायर सोबत आली आणि घराच्या अर्थिंगला सप्लायच्या न्यूट्रलशी जोड असेल, तर तोच फॉल्ट करंट तांब्यातून परत जातो, शेकडो अँपिअर होतो आणि एमसीबी लगेच पडते. म्हणून ३ कोर केबल घ्या: फेज, न्यूट्रल, अर्थ. रॉडही ठोका, पण तो या वायरच्या जोडीला, तिच्या जागी नाही. काही भागांत सप्लायच्या पद्धतीमुळे बाहेरच्या इमारतीला मुद्दाम स्वतंत्र रॉड देतात, तो निर्णय तिथले नियम माहीत असलेल्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच घ्यायचा, आणि तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) लागतेच. खरं तर तुम्हीही ती गॅरेजच्या डीबीत बसवाच.

आता आणखी एक चूक जी फार दिसते. गॅरेजच्या डीबीत न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक (त्या त्या वायरी एकत्र बांधायच्या पट्ट्या) एकमेकांना जोडून टाकतात, शेवटी दोन्ही एकच ना म्हणून. तसं केलं की परतीचा करंट अर्थच्या वायरमधून, केबलच्या आर्मरमधून (वरच्या धातूच्या कवचातून), असेल तर पाण्याच्या लोखंडी पाइपमधूनही वाहायला लागतो, आणि कधी घराकडून येणारा न्यूट्रल तुटला तर गॅरेजमधल्या सगळ्या धातूच्या वस्तूंवर व्होल्टेज येतं. घराकडे आरसीसीबी असेल तर ती या जोडामुळे सारखी ट्रिप होते, मग कोणीतरी वैतागून ती आरसीसीबीच काढून टाकतो. कृपा करून तसं होऊ देऊ नका, जोड शोधा आणि तोडा. गॅरेजमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कायम वेगळे.

केबलचं म्हणाल तर २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल १६ अँपिअरला ३० मीटरवर साडेआठ व्होल्टच्या आसपास खाते, जवळजवळ पावणेचार टक्के. चालू लोडला हे निभावतं, पण कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा दिवे मंद होतात, मोटर गुरगुरत राहते आणि तापते. ६ स्क्वेअर एमएम घ्या, ड्रॉप साडेतीन व्होल्टवर येतो. पुढे गाडी चार्ज करायचा ३२ अँपिअरचा चार्जर लावायचा विचार असेल तर आत्ताच १० टाका, खड्डा दोनदा खणायला नको. आर्मर्ड केबल, अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि वॉर्निंग टेप, मधे कुठेही जॉइंट नाही. दोन्ही टोकांना ग्लँड (केबल आणि आर्मर घट्ट पकडणारं फिटिंग) लावून आर्मरही अर्थ करा. घराच्या डीबीत या लाइनला स्वतःची वेगळी एमसीबी, गॅरेजमध्ये शिरताच मेन स्विच.

प्रश्न: आमच्या गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. आरसीसीबी आहे, टेस्टचं बटण दाबलं की पडते, म्हणजे अर्थिंग ठीकच आहे ना?

उत्तर: नाही हो, त्या बटणावरून अर्थिंग कळत नाही. बटण दाबलं की आरसीसीबीच्या आतल्याच एका रेझिस्टरमधून थोडा करंट वळवला जातो, त्याला अर्थची वायर लागतच नाही, ती तुटलेली असली तरी आरसीसीबी पडणारच. झिणझिण्या येतायत म्हणजे फ्रिजच्या बॉडीपर्यंत अर्थ पोचत नाहीये असंच धरा, आणि आतलं इन्सुलेशनही खराब झालेलं असू शकतं. आधी गॅरेजचा मेन स्विच बंद करा, मग फ्रिजचा प्लग काढा. इलेक्ट्रिशियनला सांगून सॉकेटच्या अर्थ पिनपासून घराच्या अर्थ लिंकपर्यंत कंटिन्युइटी (वायर मधे कुठे तुटली नाही ना) बघा, अर्थ लूप टेस्टरने लूपचं (फॉल्ट करंटच्या जाण्या-येण्याच्या पूर्ण वाटेचं) रीडिंग घ्या आणि फ्रिजला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. तोवर तो फ्रिज दुसऱ्या सॉकेटवरही लावू नका आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.