एकाला आवाज सोसत नाही, दुसरीला आवाजच हवा

प्रश्न : मोठा मुलगा ९ वर्षांचा, बोलत नाही. कुकर-मिक्सरचा आवाज झाला की कान दाबून रडतो. मुलगी ६ वर्षांची. अखंड बडबडते, उड्या मारते, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. निदान दोघांचंही ऑटिझमच (स्वमग्नता). मुलाला लागू पडलेले उपाय हिला पडत नाहीत, संध्याकाळी घरात रडारड ठरलेली. सासूबाई म्हणतात, हिला काही झालेलं नाही, लाडावलीय. काय करू?
— एक आई, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ताई, निदान एकच असलं तरी गरजा उलट असू शकतात. तुमच्या मुलाला आवाज टोचतो, मुलीला हालचाल आणि आवाज हवा असतो. त्यामुळे तिचा आनंद हाच त्याचा त्रास ठरतो. दोघांना एकच शिस्त लावू नका. आधी वेळा आणि जागा वेगळ्या करा.

कुकर-मिक्सरचं काम मुलगा घरी नसताना उरका. जमत नसेल तर मिक्सर लावण्याआधी त्याला मिक्सरचा फोटो दाखवा, मग आवाज अडवणारे कानावरचे मफ द्या. मफ दिवसभर ठेवू नका. सततच्या शांततेची सवय झाली की साधे आवाजही जास्त टोचू लागतात. मुलगी शाळेतून आली की अर्धा तास काही विचारू नका. तिला अंगणात, त्याच्यापासून लांब उड्या मारू द्या, पाण्याची भरलेली बाटली उचलून न्यायला सांगा, भिंत ढकलायला लावा. जोर लागणाऱ्या कामांनी बरीच मुलं निवतात.

मुलासाठी चित्रकार्डं सुरू करा. त्यामुळे बोलणं खुंटेल ही भीती सोडा, तसं होत नाही. पहिलं कार्ड त्याच्या सर्वांत आवडत्या वस्तूचं, समजा केळ्याचं. एक जण केळं घेऊन समोर बसेल, दुसरा पाठीमागे. मुलाने केळ्यासाठी हात पुढे केला की मागच्याने न बोलता तो हात कार्डाकडे न्यायचा आणि कार्ड समोरच्याच्या हातात द्यायला लावायचं. कार्ड मिळताच केळ्याचा लहान तुकडा द्या. 'काय हवं?' असं विचारू नका. मग तो प्रश्नाची वाट बघत बसतो. बहुतेक घरांत गाडी अडते ती इथे : कार्डं फक्त 'अभ्यास', 'अंघोळ' सांगायला वापरतात. मग मुलगा ती फाडणारच!

मुलीचा प्रश्न बहुधा माहितीसाठी नसतो, खात्रीसाठी असतो. 'बाबा ७ वाजता येतील' असं कागदावर लिहा, पुन्हा विचारलं की बोट ठेवा. वाचता येत नसेल तर घड्याळाचं चित्र काढा. आणि भावाच्या मनातलं सांगायचं काम तिच्यावर टाकू नका, ती कितीही छान बोलत असली तरी.

सासूबाईंना एवढं सांगा : शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरणारी मुलगी घरी येऊन फुटते. घरचा आकांत लाड नव्हे, तो थकवा आहे.

कागदपत्रांचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सांगलीच्या सिव्हिलमध्ये तपासणीची चौकशी करा. दोघांची यूडीआयडी कार्डं (दिव्यांगांची सरकारी ओळखपत्रं) वेगवेगळी काढावी लागतात. मूल बोलतं म्हणून मुलीचा अर्ज टाळू नका. 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीही त्यात बसते. बिलांच्या फायली दोघांच्या स्वतंत्र ठेवा, नाहीतर दाव्याच्या वेळी गोंधळ होतो.