किचनची भिंत पाडायची आहे, पण सगळ्यांच्या सह्या आणू कुठून?

प्रश्न : २०१९ च्या पुरानंतर आम्ही सांगलीच्या गावभागातलं जुनं घर विकून विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर टू-बीएचके घेतला. पार्किंग आणि वर चार मजले, एकूण सोळा फ्लॅट, इमारत वीसेक वर्षांची. सोसायटी नाही, 'अपार्टमेंट' आहे असं सांगतात. आता घरात काम काढलंय. किचन आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचंय, मागची गॅलरी बेडरूममध्ये घ्यायचीय. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचाय आणि बाथरूम त्यांच्या खोलीला लागून सरकवायचंय. नवं बाथरूम खालच्या काकांच्या स्वयंपाकघरावर येतं, म्हणून त्यांचा विरोध आहे. अध्यक्ष म्हणतात, सगळ्यांची एनओसी आणा आणि पन्नास हजार 'रिनोव्हेशन फी' भरा, ती परत मिळणार नाही. सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर विचारलं, तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. चौथ्या मजल्यावर दोघांनी गॅलऱ्या बंद केल्यात, त्यांना कुणी हटकलं नाही. ठेकेदाराला एक लाख ॲडव्हान्स दिलाय. तो म्हणतो, सोमवारी फोडायला घेऊ, नंतरचं नंतर बघू. काय करावं?

उत्तर : ताई, सोमवारी कमोडचं काम खुशाल सुरू करा. बाकी कशालाही हातोडा लावू देऊ नका.

जुन्या जागी भारतीय भांडं काढून कमोड बसवणं ही तुमच्या घरातली दुरुस्ती आहे. नळ, संडास, दारं, खिडक्या, वायरिंग यांची दुरुस्ती फ्लॅटमालकानं स्वतःच्या खर्चानं करायची, असं अपार्टमेंटच्या नमुना उपविधींतच, म्हणजे कारभाराच्या नियमांतच, आहे. मैला वाहून नेणारा पाइप तोच, जागा तीच, तर अध्यक्षांच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. आदल्या दिवशी सेक्रेटरींना एक ओळ लिहून कळवा आणि खालच्या काकांना तोंडी सांगा, म्हणजे ठोकाठोकी ऐकून ते धावत वर यायचे नाहीत. सासूबाईंनी बाकीच्या भांडणापायी ताटकळत राहायचं काही कारण नाही. तुम्ही आणि ठेकेदारानं चारही कामांची एकच मोट बांधलीत, म्हणून साध्या कामालाही अवघड कामाचा विरोध चिकटला.

आता बाकीच्या तीन कामांकडे येऊ. त्याआधी इमारत कुठल्या कायद्याखाली आहे ते कागदावर बघा. पाटीवर जाऊ नका. नावात 'अपार्टमेंट' असलेल्या कितीतरी इमारती सहकारी सोसायट्या असतात. सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा लागू, कमिटीची आधी लेखी परवानगी आणि वाद सहकार न्यायालयात. तुमची इमारत खरोखर अपार्टमेंट असेल, तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० लागू होतो. मग तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे बिल्डरनं नोंदवलेलं डिक्लरेशन डीड. ते नोंदणीकृत असतं, दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळते. सामाईक जागा कोणत्या, प्रत्येक फ्लॅटचा अविभाज्य हिस्सा किती टक्के आणि इमारतीचे उपविधी काय, हे त्यात असतं. फ्लॅट दुसऱ्या हातानं घेताना हा कागद सहसा कुणी मागत नाही. तुम्हीही मागितला नसावा असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

गावभागातल्या स्वतःच्या घरात कुठली भिंत हलवायची हे घरच्यांनी ठरवायचं आणि गवंड्यानं करायचं. फ्लॅटमध्ये तसं होत नाही. पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती आणि छप्पर यांना १९७० चा कायदा सामाईक मालमत्ता म्हणतो. तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात उभा असलेला कॉलम, ज्याला तुम्ही रंग देता आणि कॅलेंडर टांगता, तो सोळाही जणांचा आहे. कायद्याचं कलम ८ सांगतं, की इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल, तिची किंमत घटेल असं काम, किंवा नवं मोठं बांधकाम, इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय करायचं नाही. म्हणजे अध्यक्षांनी सगळ्यांच्या एनओसीचं हे हवेतून काढलेलं नाही. फक्त ते कलम प्रत्येक खिळ्याला लावायला निघालेत.

किचनची भिंत त्या कलमात येते का, हे वकील सांगू शकत नाही, अध्यक्षही नाही आणि ठेकेदार तर नाहीच. बहुतेक ती चार किंवा सहा इंची विटांची आडभिंत असेल. आरसीसी इमारतीत वरच्या मजल्याचा भार कॉलम-बीम घेतात, अशी भिंत घेत नाही. पण 'बहुतेक'वर भिंत पाडायची नसते. वीस वर्षांत स्लॅब थोडा वाकून खालच्या भिंतीवर टेकलेला असू शकतो आणि भिंत काढली की वरच्यांच्या फरशीला तडे जातात. शिवाय आपल्या पट्ट्यात ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवणारी माणसं अजून आहेत. भूकंपाच्या हादऱ्यात या भरीव भिंतीही सांगाड्याला आधार देतात, असं इंजिनिअर मंडळी सांगतात. तेव्हा इमारतीचा मंजूर नकाशा मिळवा. अपार्टमेंटकडे नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकारात अर्ज करा. मग परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा. वालचंद कॉलेज तुमच्या जवळच आहे, विश्रामबागेत असा इंजिनिअर मिळणं कठीण नाही. 'ही भिंत भार वाहणारी नाही, काढल्यानं इमारतीला धोका नाही, कॉलम-बीमला झिरी (खाच) किंवा होल मारायचं नाही' असं त्यांच्याकडून सही-शिक्क्यासह लिहून घ्या. झिरीचं मुद्दाम सांगतो. इलेक्ट्रिशियन पाइप लपवायला कॉलमला सर्रास झिरी मारतात, एसीवाले बीममधून होल काढतात आणि त्याचं भान कुणालाच नसतं.

हा दाखला हातात आला की सेक्रेटरींच्या नावे पत्र लिहा. नमुना उपविधींतली जी तरतूद तुमच्या सगळ्यात कामाची आहे, ती अशी : फ्लॅटमालकानं आत काही फेरबदल करायचे असतील तर असोसिएशनला, म्हणजे फ्लॅटमालकांच्या संघटनेला, आधी लेखी कळवायचं, असोसिएशननं तीस दिवसांत उत्तर द्यायचं, दिलं नाही, तर हरकत नाही असं धरलं जातं. बहुतेक डिक्लरेशनमध्ये हे उपविधी जवळजवळ जसेच्या तसे असतात, तरी तुमच्या डिक्लरेशनमध्ये ते कलम वाचून खात्री करा. पत्र हातानं द्याल तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. सेक्रेटरींचा अंगठा इथे उपयोगाचा नाही. तो असोसिएशनचं उत्तर नाही, आणि उद्या ते म्हणतील मी मेसेज वाचल्याची खूण केली होती. पत्राला नकाशा, इंजिनिअरचा दाखला, कामाचे दिवस आणि वेळा जोडा. पत्र मोघम असेल तर 'आम्हाला नेमकं सांगितलंच नव्हतं' म्हणायला ते मोकळे.

या तीस दिवसांच्या मौनाचा अर्थ मात्र ताणू नका. कलम ८ मध्ये बसणाऱ्या कामाला ते मौन चालत नाही आणि महापालिकेच्या परवानगीची जागाही ते घेत नाही.

बाथरूम सरकवण्याबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. काकांचा विरोध मला आडमुठा वाटत नाही. बाथरूमखाली स्लॅब खोल सोडलेला असतो, त्यात पाइप आणि वॉटरप्रूफिंग असतं. बेडरूमखालचा स्लॅब सपाट असतो. तिथं बाथरूम न्यायचं तर फरशी वर उचलावी लागते आणि खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा भरावा लागतो. घराच्या स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरातल्या वजनासाठी असतं. सहा इंच कोबा एकट्यानंच चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जातो. मग माणसं, पाण्यानं भरलेल्या बादल्या आणि टाइल्स वेगळ्याच. त्याखाली काकांचा ओटा. गळती झाली तर त्यांच्या नुकसानीची भरपाई तुमच्या गळ्यात. आणि काम सुरू होण्याआधीच ते दिवाणी कोर्टात मनाई मागायला गेले, तर त्यांची बाजू कच्ची नाही. सासूबाईंची सोय हाच हेतू असेल, तर आहे त्याच बाथरूमचं दार त्यांच्या खोलीच्या बाजूनं काढता येतं का, हे इंजिनिअरला विचारा. रुंद दार, धरायला दांडे, न घसरणारी फरशी. खर्च निम्म्याहून कमी आणि भांडण शून्य.

गॅलरीचं गणित वेगळं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे फक्त इमारतीच्या आत परिणाम करणाऱ्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामाला परवानगी लागत नाही. किचनची आडभिंत, फरशी, प्लॅस्टर या सवलतीत येतं. गॅलरी बंद केली की बाहेरचं रूप बदलतं आणि चटईक्षेत्राचाही, म्हणजे किती बांधकाम चालतं याचाही, प्रश्न उभा राहतो. त्याला महापालिकेची परवानगी हवी आणि इमारतीच्या बाहेरच्या भागाला हात लागतो म्हणून असोसिएशनचीही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत तुमची गॅलरी बसते का, ते आर्किटेक्ट मंजूर नकाशा बघून सांगतील. विनापरवाना केलं तर कलम ५३ ची पाडण्याची नोटीस आणि कलम ५२ खाली खटला. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. दरवेळी कुणी तुरुंगात जातं असं नाही, पण फ्लॅट विकताना किंवा बँकेच्या व्हॅल्युएशनला हेच बांधकाम आडवं येतं. चौथ्या मजल्यावरच्यांनी केलं, हा बचाव कोर्टात चालत नाही; फार तर दोघांच्या शेजारी तिसरी नोटीस तुमची. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेचे कागदही काढा. तारणावरच्या घरात मोठा बदल करताना त्यांची संमती लागेल, अशी अट त्यात बहुधा असते.

पन्नास हजारांचं काय? भरू नका. सामाईक खर्च हिश्शाच्या प्रमाणात मालकांकडून वसूल करायचा अधिकार असोसिएशनला आहे. पण अध्यक्षांनी मनानं ठरवलेली, परत न मिळणारी 'फी' त्यात बसत नाही. अशी फी लावायची तर ती उपविधींत असायला हवी, आणि उपविधी बदलायचे तर डिक्लरेशनमध्ये दुरुस्ती करून तिची नोंदणी करावी लागते. नुसत्या मीटिंगमध्ये हात वर करून ते होत नाही. 'कुठल्या उपविधीखाली ही रक्कम मागता, त्याची प्रत द्या' एवढं एकच वाक्य पत्रात लिहा. त्याचवेळी परत मिळणाऱ्या अनामतीची तयारी दाखवा, कारण लिफ्ट खरचटली, जिन्याची फरशी फुटली, राडारोडा पार्किंगमध्ये पडून राहिला तर भरपाई तशीही तुमचीच. उपविधीच तसं सांगतात. राडारोडा रात्रीतून रिकाम्या प्लॉटवर किंवा ओढ्यात टाकायची ठेकेदारांची सवय मोडा. ओढ्यात पडलेल्या राडारोड्याचं पुढं काय होतं, ते पूर बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

ठेकेदाराशी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा. ॲडव्हान्स दिलेल्या एक लाखाची नोंद त्यात आधी घ्या. परवानगी येईपर्यंत भिंतीला आणि गॅलरीला हात लावायचा नाही, कॉलम-बीमला इजा केली तर खर्च त्याचा, आणि शेवटचा हप्ता काम संपून पाणी सोडून बघितल्यावर, असं स्पष्ट लिहा. तो कुरकुर करेल. करू दे.

कामाआधी काकांच्या छताचे फोटो काढा, तेही त्यांच्यासमोर, तारखेसह. आज छताला असलेला ओलावा उद्या तुमच्या नावावर चढायचा नाही. त्यांना लिहून द्यायचं असेल तर 'या कामामुळे झालेलं नुकसान भरून देऊ' एवढंच लिहा. 'यापुढे कधीही गळती झाल्यास' असं लिहू नका. वीस वर्षं जुन्या इमारतीत पाइप आपणहूनही फुटतात.

तीस दिवसांत नकार आला, तर तो लेखी आणि कारणासह मागा. कारण नसलेला नकार दिवाणी कोर्टात टिकवणं त्यांना जड जाईल. कामगारांना अडवणं, पाणी तोडणं असले प्रकार केले तर मनाईचा दावा तुम्हीही लावू शकता. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात आल्यानं काही जणांना आता वरपर्यंत भांडणं सोपं वाटतं, पण ओपन किचनसाठी एवढा प्रवास करू नये असं मी म्हणेन. त्यापेक्षा एक स्वस्त काम करा. काका कोर्टात जातील अशी भीती वाटत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली सांगलीच्या कोर्टात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यांना एकतर्फी मनाई मिळणार नाही. कॅव्हेट नव्वद दिवसच टिकतं. तेव्हा पत्र देण्याच्या दिवशी घाई करून ते लावू नका. तीस दिवस संपत आले आणि ठेकेदाराची तारीख पक्की झाली, की त्या आठवड्यात लावा.